तोफकोठी : भिंत आणि झरोका यांचा विरोध

तोफ झाकावी तर मारा खुंटतो. मारा मोकळा ठेवावा तर तोफ आणि ती चालवणारा गोलंदाज दोघेही उघडे पडतात. हा विरोध तोफेइतकाच जुना आहे. दुर्गशास्त्र आणि नौकाशास्त्र या दोहोंनी तो सोडवण्यासाठी जी रचना सिद्ध केली तिचे स्वरूप, तिचे प्रकार आणि तिच्या अवस्था यांचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रथम संज्ञा. 'तोफकोठी' म्हणजे तोफ आणि गोलंदाज यांना सामावणारी अशी बंदिस्त जागा, जिला वर छत आहे, शत्रूच्या बाजूला संरक्षक भिंत आहे आणि त्या भिंतीत तोफेच्या तोंडासाठी ठेवलेला झरोका आहे. छत, भिंत आणि झरोका ही तिची तीन अंगे. यांपैकी एकही नसेल तर ती रचना तोफकोठी नव्हे. चर्यांआड तोफ ठेवलेला उघडा बुरूज या लक्षणात बसत नाही, कारण त्याला छत नाही. दारूकोठार बसत नाही, कारण त्याला झरोका नाही. तटातील जंगी बसत नाही, कारण तिच्यातून बंदूक चालते, तोफ नाही. 'झरोका' हा शब्द येथे केवळ तोफेच्या खिडकीसाठी योजला आहे.

दुसरी संज्ञा 'चिलखत'. वास्तूचा भार पेलणे हे ज्याचे काम नाही, गोळा अडवणे एवढेच ज्याचे काम आहे, असे आवरण म्हणजे चिलखत. मराठी दुर्गवाङ्मयात हा शब्द पूर्वीपासून रुळलेला आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवर आतला तट, त्याच्यापुढे काही अंतर सोडून दुसरा तट आणि दोहोंच्या मध्ये माणूस जाईल एवढी चिंचोळी वाट, अशी रचना दिसते. या दुहेरी बुरुजांना चिलखती बुरूज म्हणतात. बाहेरचा तट ढासळला तरी आतला अभंग राहतो. यावरून चिलखताचे दोन प्रकार निश्चित करता येतात. पहिला अंतराचा : दोन आवरणांमधील पोकळीत गोळ्याचा वेग आणि शत्रूचा उत्साह दोन्ही खर्ची पडतात. दुसरा घनतेचा : एकाच आवरणाची जाडी किंवा कठीणपणा गोळ्याला रोखतो. राजगडाचे चिलखत पहिल्या प्रकारचे आहे. मात्र त्याचा माथा उघडा असल्यामुळे तो बुरूज तोफकोठी ठरत नाही. चिलखत आणि तोफकोठी या स्वतंत्र कल्पना आहेत. त्यांचा संयोग पुढे झाला.

आता तोफकोठी कोठे आवश्यक ठरते याचा विचार. भूमीचे तीन भेद पुरेसे आहेत : डोंगर, मैदान आणि समुद्र.

डोंगरी किल्ल्याला तिची गरज सहसा पडत नाही. पायथ्याच्या तोफेला माथ्यावरच्या बुरुजाची जमीन दिसतच नाही. तिचा सरळ गोळा एक तर कड्यावर आदळतो किंवा वरून निघून जातो. तेथे उंची हेच चिलखत. सह्याद्रीतील किल्ल्यांवर बहुतेक तोफा उघड्या बुरुजांवर आढळतात याचे कारण बांधणाऱ्यांचे अज्ञान नव्हे. तेथे त्या गोष्टीचे प्रयोजनच नव्हते.

मैदानी किल्ल्याचे उदाहरण छत्तीसगडातील रायपूरचे घेता येईल. येथील जुना किल्ला परंपरेने १४६० च्या सुमाराचा, राजा भुवनेश्वरसिंह याने बांधलेला असे सांगितले जाते. आज त्याचा तट उभा नाही, पण त्याला लागून असलेला बुढा तालाब शहराच्या मध्यभागी आहे. या रचनेत संरक्षणाचा मोठा वाटा पाण्याचा होता. विस्तीर्ण तलावापलीकडून वेढा घालणाऱ्याला तोफ जवळ आणता येत नाही, म्हणजे तलाव हे अंतराचे चिलखतच. परंतु मैदानी रचनेची मर्यादाही छत्तीसगडच्याच इतिहासात दिसते. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले, तेव्हा राजवाड्याचा एक भाग तोफांनी पडताच ती राजधानी शरण आल्याचे वृत्त आहे. ज्या प्रदेशात वेढे एवढ्या लवकर संपतात तेथे दगडी तोफकोठ्यांचा खर्च कोणी करत नाही.

समुद्राचे प्रकरण वेगळे आहे, आणि तेथे थांबणे आवश्यक आहे. सागरी किल्ल्यावर मारा करणारी तोफ जहाजावर असते. ती किल्ल्याच्या जवळजवळ समपातळीत असते आणि भरती असेल तर तटाच्या अगदी निकट येऊ शकते. अशा वेळी उंच तटाचा उपयोग उलट होतो. तोफ खाली झुकवण्यास मर्यादा असते. जुन्या गाड्यांवर ती पाच अंशांहून फारशी अधिक झुकत नसे असे धरू. तट ४० फूट उंच असेल तर माथ्यावरच्या तोफेचा गोळा तटापासून सुमारे ४५७ फुटांच्या आत पाण्याला लागूच शकत नाही. तेवढा पट्टा निर्धोक राहतो आणि शत्रूचे जहाज त्यातच येऊन उभे राहते. तीच तोफ पाण्यापासून १० फुटांवर ठेवली तर हा पट्टा सुमारे ११४ फुटांवर येतो. शिवाय खालून सोडलेला गोळा पाण्यावर टप्पे घेत जातो आणि जहाजाच्या पाण्यालगतच्या भागावर आदळतो. म्हणून सागरी किल्ल्याला तोफ खाली हवी. खाली आणली की ती शत्रूच्या तोफेसमोर येते. समोर आली की तिला छत आणि भिंत हवी. तोफकोठीची आवश्यकता अशी क्रमाने सिद्ध होते.

जंजिऱ्याच्या बुरुजांत ही आवश्यकता दगडात उतरलेली दिसते. तेथे तटाच्या अंगात कमानीदार दालने आहेत. त्यांतील काहींत तोफा अजून पडून आहेत, आणि आतल्या अंधारातून पाहिले की झरोक्याच्या चौकटीत फक्त पाणी दिसते. कमान हा छताचा आकार योगायोगाचा नाही. वरचा भार ती दोन्ही बाजूंच्या जाड खांबांत उतरवते, त्यामुळे दोन खांबांच्या मधली समोरची भिंत भारमुक्त होते. भारमुक्त भिंतीत झरोका पाडला तरी बुरूज खचत नाही. ही भिंत भार पेलत नाही, गोळा अडवते. वरील व्याख्येप्रमाणे ती चिलखतच आहे.

येथून मुख्य प्रश्नाकडे येता येते. तोफकोठीचे बळ तिच्या भिंतीत नसून तिच्या झरोक्यात आहे, हे या विवेचनाचे प्रमेय आहे. त्याची सिद्धी साध्या भूमितीने होते. भिंत १० फूट जाड आहे आणि तोफेला दोन्ही बाजूंना तीस तीस अंश वळून मारा करावयाचा आहे असे माना. तोफेच्या वळण्याचा बिंदू भिंतीच्या आतल्या कडेला ठेवला तर झरोक्याचे बाहेरचे तोंड सुमारे साडेअकरा फूट रुंद ठेवावे लागते. म्हणजे भिंतीपेक्षा भोक रुंद. हा झरोका बाहेरून नरसाळ्यासारखा असतो; त्याच्या तिरप्या कडेवर आदळलेला गोळा घसरत नेमका आत, तोफेवर येतो. भिंत जितकी जाड करावी तितके हे तोंड अधिक रुंद होते, म्हणजे जाडी वाढवल्याने संरक्षण वाढेलच असे नाही. वळण्याचा बिंदू भिंतीच्या मध्यभागी आणला तर बाहेरचे तोंड पावणेसहा फुटांवर येते आणि मध्ये झरोक्याचा गळा अरुंद राहतो. परंतु मग तोफेचा पुढचा भाग भिंतीत शिरलेला असतो, आणि तोंडातून ठासून भरण्याच्या काळात ती प्रत्येक वेळी मागे ओढावी लागते. मोबदल्याशिवाय काहीही मिळत नाही.

या अडचणीची तीनच उत्तरे संभवतात. पहिले : कोठी स्थिर, झरोका रुंद, तोफ आत वळते. दुसरे : तोफ वळत नाही, अरुंद झरोक्यांच्या अनेक कोठ्या निरनिराळ्या दिशांना तोंड करून ठेवल्या जातात आणि दिशा वाटून घेतल्या जातात. तिसरे : तोफ कोठीत जवळजवळ स्थिर, पण कोठीच वळते. यापुढील सर्व इतिहास या तीन उत्तरांचा आहे.

गोल बुरूज हे दुसऱ्या उत्तराचे शुद्ध रूप. वर्तुळाच्या परिघावर कोठ्या मांडल्या की प्रत्येक झरोका थोडा पंखा झाकतो आणि सर्व मिळून क्षितिज झाकले जाते. दोष एवढाच की एका क्षणी एका जहाजावर एक किंवा दोनच तोफा रोखता येतात. बाकीच्या गप्प राहतात. तोफा अधिक लागतात, गोलंदाज अधिक लागतात. सिंधुदुर्गाचा तट नागमोडी वळणांचा आहे. १६६४ मध्ये आरंभलेल्या या बांधकामात तटाच्या वळणांनीच एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर आडवा मारा साधला आहे. हेही दिशांच्या वाटणीचेच तत्त्व आहे, पण उघड्या माथ्याच्या रचनेत.

तिसऱ्या उत्तराचे आपल्याकडील उदाहरण किल्ल्यात नसून जहाजात सापडते. मराठा आरमाराच्या गुराबेचे वर्णन अठराव्या शतकातील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तिचा पुढचा भाग निमुळता होत लांब नाळेत संपे. मुख्य तख्तावर, पुढच्या उंच तख्ताखाली, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा असत. समोरच्या आडव्या लाकडी भिंतीला पाडलेल्या झरोक्यांतून त्या नाळेवरून पुढे मारा करीत. लक्षणे तपासून पाहावीत : वर तख्ताचे छत, समोर भिंत, भिंतीत झरोका. घनतेचे चिलखत नाही, तरी ही तोफकोठीच. आणि तिचा झरोका अरुंद ठेवता आला, कारण तोफ वळवण्याचे काम तोफेवर सोपवलेले नव्हते. वारा पडला की चाळीस पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबेला ओढीत आणि शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीला, जेथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत तेथे, तिची नाळ रोखून धरीत. वल्हेकऱ्यांच्या दंडांनी वळवलेली कोठी असे तिचे वर्णन करता येईल. आंग्र्यांच्या आरमाराचे यश दर्यावर्दी धाडसात जितके शोधले जाते तितके या रचनेत शोधले जात नाही. ते शोधले पाहिजे.

तीन अंगांपैकी उरलेले अंग छताचे. ते उन्हापावसासाठी नसते. फेब्रुवारी १७५६ मध्ये ब्रिटिश ॲडमिरल वॉटसन आंग्र्यांच्या विजयदुर्गावर आला तेव्हा त्याच्या ताफ्यात उखळी तोफांची जहाजे होती. त्यांचे गोळे तटाला न जुमानता वरून उतरत. असा एक गोळा किल्ल्याजवळ नांगरलेल्या आंग्र्यांच्या 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. आग भडकली, ती दाटीने बांधलेल्या जहाजांत पसरली आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तिहेरी तटाची भिंत येथे हरली नाही. ज्याला छत नव्हते ते हरले.

छत घातले की धूर येतो. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपात उरतो. धूर म्हणजे तेच कण. उघड्या बुरुजावर वारा तो नेतो. कमानीच्या कोठीत चार पाच बार होताच गोलंदाजाला झरोका दिसेनासा होतो. म्हणूनच १५२७ मध्ये आल्ब्रेख्ट ड्यूररने दुर्गरचनेवर ग्रंथ लिहिला तेव्हा बंदिस्त तोफखान्याला धुराच्या वाटा ठेवण्यावर भर दिला. हीच अडचण कारण दाखवून पुढील अडीच शतके अनेक युरोपीय स्थपतींनी तोफकोठी नाकारली. १७७६ पासून फ्रान्समधील माँतालांबेर याने तिचे पुनरुज्जीवन केले आणि मजल्यावर मजले चढवलेल्या कोठ्यांची योजना मांडली. धूरविरहित दारू १८८० नंतरच्या दशकात आली. तोपर्यंत कोठीच्या मागच्या बाजूला भिंत न घालता ती अंगणाकडे उघडी ठेवणे हाच सर्वांत व्यवहार्य उपाय होता.

विटांच्या तोफकोठीचा उत्कर्ष आणि अंत दोन्ही अमेरिकेत घडले. जोसेफ टॉटन या अधिकाऱ्याने १८५० नंतर प्रयोग करून झरोक्याच्या गळ्याला लोखंडाचे अस्तर दिले, त्याचे तोंड लहान केले आणि बार झाल्यावर मिटणारी लोखंडी झडप बसवली. झरोक्याचा प्रश्न त्याने बहुतांशी सोडवला होता. त्यामुळे भिंत प्रथमच खरी कमकुवत बाजू ठरली. अमेरिकन यादवी युद्धात, एप्रिल १८६२ मध्ये, जॉर्जियातील फोर्ट पुलास्कीच्या साडेसात फूट जाड विटांच्या भिंतीला, मैलभर अंतरावरून, आटे पाडलेल्या नळीच्या नव्या तोफांनी सुमारे तीस तासांत भगदाड पाडले. गोळे समोरचा कोपरा फोडून मागच्या दारूकोठाराच्या दिशेने जाऊ लागताच किल्लेदाराने निशाण उतरवले.

पुढची अवस्था लोहाची. १८६० मध्ये पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश 'वॉरियर'च्या अंगावर साडेचार इंच जाडीचे लोखंड आणि त्यामागे अठरा इंच सागवान होते. सागवानाचे कार्य लक्षात घेण्यासारखे आहे : लोखंड गोळ्याला अडवते, पण हादरा पुढे पाठवते, लाकूड तो हादरा पिते. पुढे मार्च १८६२ मध्ये, त्याच अमेरिकन युद्धात, हॅम्पटन रोड्स येथे दोन उत्तरांची थेट गाठ पडली. 'व्हर्जिनिया' हे स्थिर तोफकोठीचे जहाज. त्याच्या कोठीच्या भिंती क्षितिजाशी सुमारे ३६ अंशांनी तिरप्या होत्या. चार इंच लोखंड असे तिरपे ठेवले की आडव्या येणाऱ्या गोळ्याला सुमारे ६.८ इंच भेदावे लागते. वजन न वाढवता जाडी वाढवण्याची ही युक्ती. परंतु झरोक्यांकडे पाहावे : तोफा १० आणि झरोके १४. पुढच्या व मागच्या टोकाच्या एकेका तोफेला तीन तीन झरोके द्यावे लागले. दिशा बदलायची तर तोफ एका झरोक्यातून काढून दुसऱ्यात लावायची. समोरच्या 'मॉनिटर'वर आठ इंच जाडीचा एकच फिरता मनोरा, त्यात दोन तोफा, दोन झरोके आणि मनोरा वळवण्यास वाफेचे यंत्र. चार तासांच्या लढाईत कोणाचेही चिलखत भेदले गेले नाही. त्या दिवसाचा निकाल बरोबरीचा होता, तत्त्वाचा निकाल मात्र लागला. दोन झरोक्यांनी जे साधले त्याला दुसरीकडे चौदा लागले. गुराबेला गलबतांनी ओढून जे साधत असे तेच येथे यंत्राने साधले.

हे तत्त्व मुंबईपर्यंत यायला वेळ लागला नाही. बंदराच्या रक्षणासाठी १८७० च्या सुमारास 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' ही दोन चिलखती जहाजे आणली गेली. 'मॅग्डाला'वर दोन फिरते मनोरे आणि चार दहा इंची तोफा होत्या. तीन दशके ती मुंबईच्या पाण्यात राहिली.

स्थिर कोठी यानंतरही काही काळ टिकली, ती दुय्यम तोफांसाठी. १८९० नंतरच्या युद्धनौकांच्या कुशीत सहा इंची तोफांच्या चिलखती कोठ्या एकीवर एक अशा बसवल्या जात. झरोक्याच्या प्रमेयाचा येथे सर्वांत दारुण प्रत्यय आला. १ नोव्हेंबर १९१४ रोजी चिलीच्या किनाऱ्याबाहेर कोरोनेल येथील लढाईत समुद्र खवळलेला होता. 'गुड होप' आणि 'मनमथ' या ब्रिटिश जहाजांच्या खालच्या कोठ्यांचे झरोके लाटांखाली जात होते आणि त्यांतील तोफा चालवताच येईनात. दोन्ही जहाजे सर्व खलाशांसह, सुमारे १,६०० माणसांसह, बुडाली.

शेवटची अवस्था विघटनाची. पल्ला मैलांत मोजला जाऊ लागल्यावर तोफ जमिनीत खळगा करून ठेवणे भिंतीआड ठेवण्यापेक्षा सुरक्षित ठरले. कोठीतील बाकीचे सर्व, म्हणजे गोळे, काडतुसे आणि दुरुस्ती, भूगर्भात गेले. मुंबईच्या राजभवनात २०१६ मध्ये उजेडात आलेले भुयार याचा पुरावा आहे. सुमारे १५० मीटर लांबीच्या त्या भुयारात तेरा दालने आहेत, आणि गोळ्यांचे कोठार, काडतुसांचे कोठार, गोळे वर नेण्याचा पाळणा अशी नावे त्यांच्यावर आढळली. छत उरले, भिंत उरली, झरोका नाहीसा झाला. व्याख्येप्रमाणे ती आता तोफकोठी नाही.

आजच्या युद्धनौकेवरही जाड चिलखत नसते. रायपूरपासून जवळ असलेल्या भिलाईच्या कारखान्यातून 'विक्रांत'साठी विशेष पोलादाच्या प्लेटा गेल्या. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या या जहाजाला स्टील ऑथॉरिटीच्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी मिळून सुमारे ३०,००० टन पोलाद पुरवले. ते सांगाड्याचे आणि तख्तांचे पोलाद आहे. भार पेलणे हे त्याचे काम आहे, म्हणून त्याला चिलखत म्हणता येणार नाही.

जुलै २०२५ मध्ये राजगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि खांदेरी यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. जंजिरा त्यांत नाही. या किल्ल्यांवर जाणारे पुष्कळ आहेत. तटाची उंची आणि बुरुजांची संख्या सर्वांना तोंडपाठ असते. तोफकोठीचा अभ्यास करावयाचा तर पाच मापे लागतात : झरोक्याच्या गळ्याची रुंदी, बाहेरच्या तोंडाची रुंदी, भिंतीची जाडी, कमानीची उंची आणि भरतीच्या पाण्यापासून झरोक्याच्या उंबऱ्याचे अंतर. त्यासाठी एक मोजपट्टी आणि एक वही पुरते. जंजिऱ्याला जाणाऱ्याने निदान एका बुरुजाची ही पाच मापे घेऊन यावे. खाऱ्या वाऱ्याने झरोक्यांच्या कडा दर पावसाळ्यात झिजत आहेत.